सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया प्लांटचं) पाणी निर्जंतुक करण्याच्या नोंदी (पाचगाव रोड, कोल्हापूर)

72 फ्लॅटची सोसायटी. तळघरात 45 हजार लिटरचा एमबीबीआर प्लांट (हलत्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवून सांडपाणी साफ करणारा), रोज प्रत्यक्षात 32–33 हजार लिटर सांडपाणी येतं. प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला. मी पाण्यातला माणूस नाही. उद्यमनगरात आयुष्य लेथवर गेलं, निवृत्त झालो आणि कमिटीने प्लांट माझ्या गळ्यात घातला. ज्यांच्या गळ्यात असाच पडेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

21 एप्रिल

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी वाटीत पाणी आणून दाखवलं. फ्लशच्या टाकीतल्या लाल अळ्या, वळवळणाऱ्या. "भाऊ, हे तुमचं शुद्ध केलेलं पाणी." काय बोलणार!

प्लांटवरच्या मामांना विचारलं, औषध कसं घालता? "सायेब, सकाळी एक मग, सांजच्याला एक मग. कवा चुकवलं न्हाई." औषध म्हणजे हायपो, सोडियम हायपोक्लोराइट. लॅबला नमुना दिला. फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, 100 मिलिला 24,000 एमपीएन (जंतूंची अंदाजे संख्या). केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेत ही मर्यादा 1,000 च्या आत आहे.

मामा मग कुठे ओततात ते बघायला मात्र मला आणखी आठवडा लागला. तेच आधी बघायला पाहिजे होतं.

28 एप्रिल

मग ओतला जात होता फिल्टर फीड टाकीत. तिथून पाणी वाळूच्या फिल्टरमधून जातं, मग कार्बन फिल्टरमधून. ॲक्टिव्हेटेड कार्बन क्लोरीन खातो, त्याचं ते कामच आहे. म्हणजे तीन वर्षं आम्ही कार्बनला हायपो पाजत होतो आणि फ्लशला बिनक्लोरीनचं पाणी जात होतं.

दुसरी गंमत. डीपीडी किट आणलं, क्लोरीन मोजायचं. क्लोरीन असला की पाणी गुलाबी होतं. फीड टाकीतलं पाणी बाटलीत घेतलं, गोळी टाकली. क्षणभर गुलाबी झलक, आणि पाणी पुन्हा पांढरं. मी वहीत लिहिलं, "क्लोरीन शून्य". मामांना म्हटलं, अजून दोन मग घाला. घातले. पुन्हा शून्य. नाकाला तर झोंबत होतं. अर्धा दिवस असा गेला. क्लोरीन फारच जास्त असेल तर तो डीपीडीचा रंगच उडवतो, हे नंतर कळलं. नमुना डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा पट पातळ केला आणि बाटली गडद गुलाबी झाली. तेव्हापासून नियम असा, की शून्य आलं आणि वास येतोय, तर पातळ करून पुन्हा बघायचं.

30 एप्रिल

हायपोची ताकद तपासली. उद्यमनगरात प्लेटिंग करणारा जुना मित्र आहे. सायनाइडचं पाणी मारायला त्याच्याकडे हायपो लागतो, त्यामुळे टायट्रेशनचं सगळं सामान असतं. पोटॅशियम आयोडाइड, ॲसिड, थायोसल्फेट, स्टार्च. कॅनवर छापलं होतं 12 टक्के, निघाले 6.8. कॅन दोन महिने रॅम्पवर उन्हात पडून होते. मित्र म्हणाला, "दोष विकणाऱ्याचा नाही गड्या, तुझ्या उन्हाचा." कॅन आत सावलीत हलवले, आणि यापुढे एका वेळी दोनच घ्यायचे असं ठरवलं.

4 मे

बादली चाचणी. सगळ्यांनी करावी अशी ही एकच गोष्ट, खर्च जवळपास शून्य. दहा लिटरच्या पाच बादल्या, सगळ्यांत कार्बन फिल्टरनंतरचं पाणी. हायपो 1 टक्क्याचा करून घेतला, म्हणजे 1 मिलित 10 मिलिग्रॅम क्लोरीन. बादल्यांत 2, 5, 10, 15 आणि 20 मिलि घातला, म्हणजे लिटरला 2, 5, 10, 15, 20 मिलिग्रॅम. अर्धा तास झाकून ठेवलं.

पाचही बादल्यांत मुक्त क्लोरीन शून्य. या वेळी पातळ करूनही शून्य. एकूण क्लोरीन मात्र दिसत होता. म्हणजे क्लोरीन आहे, पण कशाला तरी चिकटलेला. अमोनियाची पट्टी बुडवली, नायट्रोजन म्हणून 14 मिलिग्रॅम.

आता हिशेब. अमोनिया संपवून मुक्त क्लोरीन दिसायला 1 मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनला किमान 7.6 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. 14 ला गुणा, 106. रोजच्या 33 हजार लिटरला साडेतीन किलो क्लोरीन. 10 टक्क्यांच्या हायपोत 35 लिटर, म्हणजे दिवसाला एक अख्खा कॅन! एका मगाने काय होणार होतं?

संध्याकाळी प्लांटमध्ये हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा टायमर बघितला. अर्धा तास चालू, एक तास बंद. गेल्या दिवाळीत वीजबिल वाचवायला कमिटीने हा टायमर बसवला होता. ठरावाखाली सही माझीच. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, आणि ती आम्हीच बंद केली होती.

5 मे

मीटिंग. अजेंड्यावर "अत्याधुनिक निर्जंतुकीकरण". एकाने ओझोनचं कोटेशन आणलं होतं, 2 लाख 80 हजार. ओझोन वाईट नाही. फ्रान्समध्ये नीस शहराचं पाणी 1906 पासून ओझोनने शुद्ध होत आलंय. पण तो साठवता येत नाही, जागेवर तयार करावा लागतो, आणि त्यासाठी कोरडी हवा लागते. ओलसर हवेत ओझोन कमी निघतो आणि आत नायट्रिक ॲसिड तयार होऊन यंत्र खातं. कोल्हापूरच्या जुलैत, तळघरात, कोरडी हवा? शिवाय गळती झाली तर तो वायू खाली मामांच्या छातीत. नको म्हटलं.

ठरलं ते असं: ब्लोअर चोवीस तास, हायपो पंपाने, आणि त्याआधी यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा. मंजुरी 90 हजार. यूव्ही का, हेही विचारलं गेलं. क्लोरीनला अमोनिया नडतो, यूव्हीला नडत नाही. यूव्हीला गढूळपणा नडतो. दोन्ही एकाच कारणाने एकाच दिवशी झोपायची शक्यता कमी. अमेरिकेत मिलवॉकीला 1993 साली क्रिप्टोस्पोरिडियमने चार लाखांवर लोक आजारी पडले, तो जंतू नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही, यूव्हीला देतो. हे सांगितल्यावर सभा जरा गप्प झाली. खरं तर आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती, 2012 ची इचलकरंजीची कावीळ अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

14 मे

डोसिंग पंप बसवला, ताशी 6 लिटरचा, 9,200 रुपये. हायपो आता कार्बन फिल्टरच्या पुढच्या पाइपात, शुद्ध पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी. ब्लोअर 11 तारखेपासून अखंड.

19 मे

पंप दुपारी दोनला हवा धरतो. हायपोतून बुडबुडे सुटतात, उकाड्यात जास्त. पंपाच्या डोक्यात हवा साठली की पिस्टन नुसता टकटक करतो, थेंबही जात नाही. मामा बिचारे दर दुपारी नळी चोखायला निघाले होते, त्यांना आधी थांबवलं.

चूक माझी. मला ताशी 200 मिलि 5 टक्क्यांचं द्रावण हवं होतं, आणि पंप घेतला 6 लिटरचा. इतक्या हळू चालवला की हवा बाहेर पडायला वेगच राहत नाही. पंप परत घेईनात. मग द्रावणच पातळ केलं, 1 टक्का, ताशी 1 लिटर. ड्रम पंपाच्या वर स्टँडवर ठेवला, म्हणजे पाणी आपोआप पंपात उतरतं. पातळ हायपो लवकर मरतही नाही. 100 लिटरचा ड्रम पंपाचे शंभर तास पुरतो.

23 मे

आनंदाचा दिवस! लॅबचा रिपोर्ट, 2 पेक्षा कमी. म्हणजे काहीच सापडलं नाही. कमिटीच्या ग्रुपवर टाकला, पेढे वाटले, पाव किलो मामांच्या घरी.

27 मे

पेढे परत मागवावे लागणार होते. लॅबमधल्या मॅडमनी फोनवर सहज विचारलं, बाटली आमची होती का? नव्हती. पाण्याची रिकामी बाटली धुऊन नमुना भरला होता, आणि लॅबला पोचवेपर्यंत चार तास गेले होते. त्या चार तासांत बाटलीतला क्लोरीन जंतू मारतच बसला. नमुना घेतला त्या क्षणी टाकीत काय होतं, ते त्या आकड्यात नव्हतंच. लॅबच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन जागीच मारतं. ती बाटली आधी खंगाळायची नाही, नाहीतर थायोसल्फेट धुऊन जातं. काठोकाठ भरायची नाही. बर्फात ठेवून न्यायची.

तसा नेला. 5,400.

ग्रुपवर तेही टाकलं. दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही.

1 जून

टाकी 20 हजार लिटरची, क्लोरीनला कित्येक तास मिळायला हवेत. मग मरत का नाहीत? मित्राने मिठाचा उपाय सांगितला. दोन किलो मीठ बादलीत विरघळवून टाकीच्या तोंडाशी ओतलं आणि फ्लशचा पंप चालू ठेवून पाणी निघतं त्या पाइपाशी अडीचशे रुपयांचं टीडीएस पेन (पाण्यातले क्षार मोजणारं) घेऊन बसलो. सहाव्या मिनिटाला आकडा उसळला. पाणी येतं त्या कोपऱ्यापासून निघतं तो पाइप चार फुटांवर. येणारं पाणी सरळ बाहेर, उरलेली टाकी नुसती साचून. अळ्या तिथूनच येत असणार.

5–7 जून

टाकीत शहाबादी फरशा उभ्या करून आडवे पडदे घातले. तीन पडदे, एकाआड एक बाजूला वाट, म्हणजे पाण्याला नागमोडी जावं लागतं. फरशी आणि गवंडी मिळून 5,600.

टाकीत उतरण्याबद्दल. शुद्ध पाण्याची टाकी आहे, काय होतंय, असं गवंडी म्हणाला. मी ऐकलं नाही. टाकी आदल्या रात्री रिकामी केली, दोन्ही झाकणं उघडली, ब्लोअरचा एक फाटा आत सोडला, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. सेप्टिक टाकीतल्या मृत्यूंच्या बातम्या आपण सगळे वाचतो. अर्धा दिवस वाया गेला असं गवंड्याला वाटलं, वाटू दे.

मीठ पुन्हा ओतलं. या वेळी आकडा हलायला दीड तास लागला.

9 जून

अमोनिया 14 वरून जवळपास शून्यावर. ब्लोअर लावून चार आठवडे झाले, पहिले दोन आठवडे काहीच हललं नव्हतं. हे जिवाणू सावकाश वाढतात, मधेच निराश होऊ नये. बादली चाचणी पुन्हा केली. 5 मिलिग्रॅमला अर्ध्या तासाने मुक्त क्लोरीन 1.5. एक महिन्यापूर्वी 20 घालून शून्य होतं.

वीजबिल महिन्याला 4,200 ने वाढणार. ते मीटिंगमध्ये आधीच सांगून टाकलं.

16 जून

यूव्ही आला. 46 हजार, स्टेनलेस स्टीलची नळी, आत क्वार्ट्झची बाही, तिच्यात दिवा. 254 नॅनोमीटरचा प्रकाश जंतूच्या डीएनएला जखडतो, जंतू जगला तरी त्याची पैदास थांबते. जागा ठरवली कार्बन फिल्टरनंतर आणि हायपोच्या आधी. उलटं केलं तर यूव्ही थोडा क्लोरीन फोडतो, शिवाय क्लोरीनने पाण्यातलं लोखंड गंजून बाहीवर बसतं.

बसवताना मामांनी नळीच्या तोंडातून आत डोकावून बघितलं, दिवा लागलाय का. दोन सेकंद. रात्री डोळ्यांत खडे गेल्यासारखं, पाणी थांबेना. उद्यमनगरात सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं, वेल्डिंग लागल्यावर होतं तसंच. दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत बरे झाले. आता नळीवर कागद चिकटवलाय: दिवा बघायचा नाही, पॅनेलवरचा लाइट बघायचा.

21 जून

यूव्हीच्या लगेच पुढे नळ बसवून नमुना घेतला, हायपो मिसळायच्या आधी. 1,600. 46 हजार खर्चून!

यंत्रावर लिहिलंय ताशी 4 हजार लिटर. हा आकडा पिण्याच्या पाण्यासाठी आहे, जिथे 95 टक्के प्रकाश पाण्यातून पलीकडे जातो. आमच्या पाण्याचं लॅबने मोजलं, 58 टक्के. डोळ्याला स्वच्छ दिसणारं पाणी यूव्हीला चहासारखं. विकणाऱ्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी 600 रुपये खर्चून हा आकडा मोजा, आणि तोच दाखवून कोटेशन मागा.

उपाय दोन. वाळूच्या फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) आठवड्यातून एकदा होतं, ते रोज केलं. पंपाचा प्रवाह 5 हजारांवरून 2 हजार लिटरवर आणला, उरलेलं पाणी बायपासने फीड टाकीत परत. पंप आता दिवसाला साडेसोळा तास चालतो. याचा फायदा असा झाला, की आधी फ्लोटमुळे यूव्ही दिवसात वीस-पंचवीस वेळा चालू-बंद होत होता, ते थांबलं. सतत चालू-बंद झाल्याने दिवा लवकर मरतो. दिवा पूर्ण तापायला काही मिनिटं लागतात, तेवढं पाणी अर्धंकच्चं जायचं, म्हणून पाच मिनिटांचा टायमर रिले घातला: आधी दिवा, मग पंप.

28 जून

यूव्हीनंतर 79. टाकीच्या शेवटी, हायपोसकट, 2 पेक्षा कमी. बाटली लॅबची, बर्फ होता, दीड तासात पोचवली. पेढे आणले नाहीत.

14 जुलै

बाही काढून बघितली. तपकिरी थर, आमच्या बोअरच्या पाण्यातलं लोखंड आणि चुना. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास बुडवली, मऊ कापडाने पुसली, चकचकीत. परत बसवताना लेथवरच्या सवयीने नट पान्याने आवळला. टक्. 1,900 रुपये आणि पाच दिवस. रबर रिंग हाताने आवळण्यापुरतीच असते. चाळीस वर्षं लोखंड आवळलेल्या माणसाला काच हातात देऊ नये.

त्याच दिवशी याहून गंभीर प्रकार. ॲसिड मापायला घेतलेल्या मगाने मामांनी हायपो काढला. मगात तळाला ॲसिड होतं. हिरवट पिवळा भपका, घशाला आग, दोघेही जिना चढून बाहेर. वीस मिनिटं खोकत होतो. मग लहान होता म्हणून निभावलं. ॲसिड आता वॉचमनच्या खोलीत कुलपात, तिथला मग लाल, हायपोचा निळा.

26 जुलै

आठ दिवस पाऊस थांबला नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीवर. आम्ही उंचावर, घरात पाणी येत नाही, पण नळाचं येईना झालं. 2019 आणि 2021 च्या महापुरात शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली तेव्हाही असंच झालं होतं. वीज दोन दिवस गेली, जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि पंप. ब्लोअर बंद.

29 ला अमोनिया 9. मुक्त क्लोरीन शून्य. यूव्हीनंतरचा नमुना मात्र 130. इतके दिवस मनात होतं, की फरशा आणि ब्लोअरनेच काम झालं असतं, 46 हजार उगाच गेले. त्या आठवड्यात ते मनातून गेलं.

ग्रुपवर विचारणा: रिपोर्ट इतका चांगला आहे तर हे पाणी धुण्याभांड्याला घेऊ का? नाही. कोलिफॉर्म न सापडणं वेगळं आणि पिण्यायोग्य असणं वेगळं. सांडपाण्यात साबण, औषधं, क्षार सगळं असतं, ते यूव्हीने जात नाही.

पिण्यासाठी बोअरची 20 हजार लिटरची टाकी टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) निर्जंतुक केली. लिटरला 2.5 मिलिग्रॅम धरलं, 50 ग्रॅम क्लोरीन, 30 टक्क्यांच्या पावडरीत साधारण 167 ग्रॅम. बादलीत कालवून तासभर ठेवायचं, वरची निवळीच टाकीत घालायची, खालचा चुन्याचा गाळ नाही. अर्ध्या तासाने मुक्त क्लोरीन 0.5 आला. भारतीय मानकात शेवटच्या नळाला किमान 0.2 लागतो, आमच्या सातव्या मजल्यावर 0.3 निघाला. तरी उकळून प्या असंच सांगितलं.

11 ऑगस्ट

डोसिंग पंपाचा व्हॉल्व्ह पांढरा होऊन चिकटला. बोअरच्या जड पाण्यात हायपो पातळ केला की चुना बसतो. गच्चीचं पावसाचं पाणी दोन ड्रम धरून ठेवलंय, आता त्यातच पातळ करतो. उन्हाळ्यात काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. आरओचं पाणी विकत घ्यावं लागेल.

8 सप्टेंबर

हिशेब. यूव्ही 46,000, स्टॅबिलायझर 3,800, डोसिंग पंप 9,200, स्टँड, नळ्या आणि व्हॉल्व्ह 4,100, फरशीकाम 5,600, माझ्या पान्याची बाही 1,900, डीपीडी किट आणि पट्ट्या 3,700, लॅबच्या नऊ चाचण्या 8,100, यूव्हीची पारदर्शकता 600, रिले आणि तास मोजायचं मीटर 700. एकूण 83,700. पेढे यात धरलेले नाहीत. हायपोचा 35 लिटरचा कॅन आता एकवीस दिवस जातो. दिवा 9,000 तासांनी बदलायचा, साडेसोळा तासांच्या हिशेबाने दीड वर्ष. पेटलेला दिसतो म्हणून पुढे ओढायचा नाही, निळा उजेड राहतो आणि मारणारा प्रकाश कमी होतो.

15 सप्टेंबर

तिसऱ्या मजल्यावर पुन्हा अळ्या. धावत गेलो, डीपीडी घेऊन. पाइपातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन होता. पाहुण्यांच्या बाथरूममधला फ्लश, मार्चपासून कोणी वापरलेलाच नाही. टाकी उपसून हायपोने धुतली, वहिनींना सांगितलं, दोन दिवसाआड एकदा दांडी दाबत जा. खाली आलो तर मामा रजिस्टर भरत होते: मुक्त क्लोरीन 0.8, अमोनिया जवळपास शून्य, बॅकवॉश झाला, तास 1,412. शेजारच्या रकान्यात त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं, "निळा मग".